येरेवानचं धोरण, लॉस एंजेलिसचा आवाज

गेल्या अंकात आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या समझोत्यावर लेख होता. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली, त्याबद्दलचा. ‘या समझोत्यावर तुटून पडणाऱ्यांत आर्मेनियाबाहेर राहणारे आर्मेनियन सर्वांत पुढे आहेत,’ असं एक वाक्य त्यात होतं. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं याच वाक्यावर आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

देशात राहत नाहीत, कर भरत नाहीत, मतही देत नाहीत. मग सरकार त्यांचं ऐकतं कशाला? (सांगली)

आधी ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, ते ठरवावं लागेल. आर्मेनियाची लोकसंख्या साधारण ३० लाख. बाहेरचे आर्मेनियन याच्या दुपटीहून अधिक असावेत असा सर्वसाधारण अंदाज आहे. पण हा एक समाज नाही, दोन आहेत.

जुना समाज ऑटोमन तुर्की साम्राज्यात १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारातून वाचलेल्यांचा. बैरुत, अलेप्पो, मार्सेय, बोस्टन, फ्रेस्नो, लॉस एंजेलिस ही त्यांची ठिकाणं. यांच्या आजी-आजोबांची गावं आजच्या आर्मेनियात नाहीतच, ती पूर्व तुर्कस्तानात आहेत. त्यांची बोलीही वेगळी, पश्चिम आर्मेनियन. आर्मेनियाची राजधानी येरेवान ही त्यांचीही राजधानी आहे, गाव मात्र नाही. नवा समाज १९९१ नंतर बाहेर पडलेल्यांचा. सोव्हिएत कारखाने बंद पडले, ऐन हिवाळ्यात दिवसचे दिवस वीज नसायची, तेव्हा जे निघाले त्यांतले बहुतेक रशियात गेले. महिन्याला घरी पैसे पाठवणारे प्रामुख्याने हे. जागतिक व्यासपीठावर आवाज ऐकू येतो तो मात्र पहिल्या गटाचा.

कायद्यानं दिलेली जागाही पाहा. २००५ च्या घटनादुरुस्तीनं दुहेरी नागरिकत्वावरची बंदी उठली आणि २००७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच सुमारास परदेशातल्या वकिलातींमधून मतदान करण्याची सोय काढून घेतली गेली, ती फक्त सरकारी कामावर असलेल्यांपुरती राहिली. म्हणजे पासपोर्ट दिला, मतपत्रिका दिली नाही. हे नजरचुकीनं झालेलं नाही. देशात ३० लाख आणि बाहेर त्याच्या दुप्पट असताना कुठलंही सरकार हेच करेल.

तरीही ऐकावं लागतं, कारण मत नसलं तरी या लोकांकडे इतर गोष्टी आहेत: परदेशी विद्यापीठांत शिकलेली माणसं, रस्ते बांधण्याइतका पैसा आणि वॉशिंग्टन-पॅरिसच्या संसदेत ओळखी. शिवाय ‘आम्हीच खरे पीडितांचे वारस’ हा नैतिक अधिकार. शेवटचा सर्वांत जड, कारण त्याच्याशी वाद घालणं येरेवानच्या कुठल्याही नेत्याला परवडत नाही.

हा प्रभाव नेमका कोणत्या वाटेनं पोहोचतो? एखादं ठोस उदाहरण द्याल का? (नागपूर)

सर्वांत सरळ वाट म्हणजे खुर्ची. नोव्हेंबर १९९१ मध्ये स्वतंत्र आर्मेनियाचे पहिले परराष्ट्रमंत्री झाले राफी होव्हानिसियान. जन्म कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. राष्ट्राध्यक्ष लेव्हॉन तेर-पेट्रोसियान यांचं धोरण होतं तुर्कस्तानशी पूर्वअटींशिवाय संबंध जोडण्याचं. त्यांचं गणित साधं होतं: अझरबैजानच्या हद्दीतल्या पण आर्मेनियन वस्तीच्या काराबाखमध्ये युद्ध पेटलेलं, समुद्र नाही, मग पश्चिमेची सीमा तरी उघडी हवी. सप्टेंबर १९९२ मध्ये होव्हानिसियान यांनी इस्तंबूलमधल्याच एका आंतरराष्ट्रीय बैठकीत तुर्कस्तानवर उघड टीका केली आणि पुढच्याच महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. एप्रिल १९९३ मध्ये आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचा केलबजार जिल्हा घेतल्यावर तुर्कस्ताननं सीमा बंद केली. आर्मेनियातल्या ग्युमरीहून तुर्कस्तानातल्या कार्सला जाणारी रेल्वे तेव्हापासून थांबली.

पण ‘परदेशस्थ म्हणजे कडवे’ असं समीकरण मांडू नका. पूर्वअटींशिवाय बोलणी करण्याच्या धोरणाला आकार देणाऱ्या सल्लागारांत जिरार लिबारिडियान होते, म्हणजे बैरुतमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत राहिलेले इतिहासकार. एकाच सरकारात, एकाच वेळी, डायस्पोरातली, म्हणजे मायदेशाबाहेरच्या समाजातली, दोन माणसं दोन विरुद्ध दिशांना ओढत होती.

दुसरी वाट पक्षाची. १८९० मध्ये तिफलिसमध्ये स्थापन झालेला दाश्नाक पक्ष सोव्हिएत काळात मायदेशी बंद होता. सात दशकं तो बैरुत, पॅरिस, बोस्टन इथल्या शाळा, क्लब आणि वृत्तपत्रांवर जगला. १९९० नंतर तो परतला तो तयार संघटना आणि तयार कार्यक्रम घेऊन, आणि त्या कार्यक्रमात नरसंहाराला जागतिक मान्यता अग्रभागी होती. डिसेंबर १९९४ मध्ये तेर-पेट्रोसियान यांनी त्याच्यावर बंदी घातली. काराबाखचा प्रश्न टप्प्याटप्प्यानं, तडजोडीनं सोडवावा अशी उघड भूमिका घेतल्यावर फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांनाच राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर काही दिवसांतच बंदी उठली, अलेप्पोत जन्मलेले वार्तान ओस्कानियान परराष्ट्रमंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं राहिले. नरसंहाराची मान्यता आता अधिकृत परराष्ट्र धोरणाचा भाग झाली.

इथे घाईत निष्कर्ष काढला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो: तेर-पेट्रोसियान यांना डायस्पोरानं पाडलं नाही. पाडलं ते त्यांच्याच मंत्रिमंडळातल्यांनी, म्हणजे काराबाखहून आलेले पंतप्रधान रॉबर्ट कोचारियान, संरक्षणमंत्री वाझगेन सार्गस्यान आणि अंतर्गत सुरक्षेचं खातं सांभाळणारे सर्झ सार्गस्यान. सत्ताबदल घरातला होता. नव्या सरकारनं तोंडी कोणती भाषा घ्यायची, ती मात्र बाहेरून आली.

देणग्यांचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध? शाळा-दवाखाने तर सगळेच बांधतात. (कोल्हापूर)

शाळा नव्हे, रस्ता पाहा. १९९२ मध्ये ‘हायस्तान’ हा अखिल आर्मेनियन निधी स्थापन झाला. दर नोव्हेंबरला लॉस एंजेलिसहून दूरचित्रवाणीवर तासन्‌तास निधिसंकलनाचा कार्यक्रम व्हायचा आणि त्या पैशांतून गोरिस–लाचिन–स्टेपानाकेर्त हा डोंगरी रस्ता नव्यानं बांधला गेला. काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा हाच मुख्य मार्ग.

आता नकाशा उघडा. लाचिन हा जुन्या नागोर्नो-काराबाख स्वायत्त प्रदेशाचा भाग नव्हता. युद्धात आर्मेनियन फौजांनी घेतलेल्या आजूबाजूच्या सात जिल्ह्यांपैकी तो एक. वाटाघाटींत हे जिल्हे परत देण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि दर वेळी लाचिनचा विचार वेगळा करावा लागला. भौगोलिक कारण होतंच, पण हजारो कुटुंबांनी वर्गणी दिलेला रस्ता ‘परत केला’ म्हणायला कोण पुढे येणार? वर्गणीनं काँक्रीट ओतलं की तडजोडीची किंमत आपोआप चढते. देणाऱ्याच्या मनात तसं असो वा नसो.

गडबड कुठे होते तेही सांगायला हवं. २०२० चं युद्ध ४४ दिवस चाललं. त्या काळात या निधीत १७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि तिच्यातले १० कोटींहून अधिक डॉलर सरकारी तिजोरीकडे वळते झाले. लोकांनी विचारलं: आम्ही विस्थापितांसाठी दिले की सरकारच्या खर्चासाठी? निधीच्या विश्वस्त मंडळावर देशाचे सत्ताधारी बसत असल्यानं निधी आणि सरकार यांच्यातली भिंत मुळातच पातळ होती. शांततेच्या काळात ते कुणाला खुपलं नव्हतं, पराभवानंतर खुपलं. सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियनांनी काराबाख सोडलं, ते लाचिनच्याच पट्ट्यातून. आज तो प्रदेश पूर्णपणे अझरबैजानच्या ताब्यात आहे.

मी आंतरराष्ट्रीय संबंधांत एम. ए. करते. डायस्पोराचा प्रभाव मोजायचा कसा? ‘प्रभाव पडला’ असं सगळेच लेख म्हणतात, पण पुरावा दिसत नाही. (पुणे)

तुमची तक्रार रास्त आहे. अशा लेखांत मोर्च्याचा फोटो आणि त्यानंतरचा निर्णय शेजारी ठेवतात आणि दोन्हींमध्ये बाण काढतात. त्यापेक्षा असं करा.

एकच निर्णय घ्या, तारखेसह. समजा, १० ऑक्टोबर २००९ चे झ्युरिक करार. आर्मेनियाचे एडवर्ड नालबंडियान आणि तुर्कस्तानचे अहमत दावुतोग्लू यांनी दोन करारांवर सह्या केल्या. राजनैतिक संबंध सुरू होणार होते आणि करार लागू झाल्यापासून दोन महिन्यांत सीमा उघडणार होती. मग कागदाचे दोन उभे रकाने करा. डावीकडे डायस्पोराच्या संघटनांनी निर्णयाआधी काय मागितलं ते लिहा, संघटनेच्या नावासह. ‘डायस्पोरा म्हणाला’ असं लिहू नका, कारण डायस्पोराला तोंड नसतं, संघटनांना असतं. दाश्नाकांचे आक्षेप दोन होते: सध्याच्या सीमेला मान्यता मिळते, आणि ‘ऐतिहासिक दस्तऐवजांचा निःपक्ष अभ्यास’ करणारी उपसमिती नेमली की नरसंहार झाला का, हाच प्रश्न खुला होतो. उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष सर्झ सार्गस्यान पॅरिस, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बैरुत आणि रोस्तोव्हला स्वतः समजूत घालायला गेले. पॅरिसमध्ये निदर्शकांची पोलिसांशी झटापट झाली, लॉस एंजेलिस आणि बैरुतमध्ये लोक रस्त्यावर आले. तरीही सही झाली, शब्द न बदलता. म्हणजे इथवर डायस्पोरा हरला.

पण रकाना इथे बंद करू नका, बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात. १२ जानेवारी २०१० रोजी आर्मेनियाच्या घटना न्यायालयानं करार वैध ठरवले, मात्र त्यांचा अर्थ १९९० च्या स्वातंत्र्य घोषणापत्राच्या ११ व्या कलमाविरुद्ध लावता येणार नाही अशी पुस्ती जोडली. ते कलम १९१५ च्या नरसंहाराच्या मान्यतेसाठी प्रयत्न करण्याबद्दलचं आहे. तुर्कस्ताननं या पुस्तीवर आक्षेप घेतला. एप्रिल २०१० मध्ये आर्मेनियानं संसदेतली प्रक्रिया थांबवली आणि १ मार्च २०१८ रोजी करार रद्द केले.

यानंतर दुसरं कारण शोधा, प्रामाणिकपणे. काराबाखचा ताबा सुटल्याशिवाय सीमा उघडणार नाही, असं तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनी मे २००९ मध्येच अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत जाऊन सांगितलं होतं. तुर्की संसदेनं करार कधीच मंजूर केले नाहीत. म्हणजे करार मेला तो मुख्यतः बाकूच्या दबावामुळे. डायस्पोरानं आर्मेनियन सरकारची पुढची सवलत देण्याची जागा अरुंद केली, इतकंच ठामपणे म्हणता येईल. हे ‘इतकंच’ लिहिण्याची तयारी असेल तर तुमचा प्रबंध चांगला होईल.

हीच कसोटी अमेरिकेला लावून पाहा. नरसंहार मान्यतेचा ठराव प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र समितीत २००७ मध्ये २७ विरुद्ध २१ मतांनी आणि २०१० मध्ये २३ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाला, पण दोन्ही वेळा सभागृहापुढे आलाच नाही. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी तो ४०५ विरुद्ध ११ मतांनी पार झाला. संघटना त्याच, मागणी तीच. बदललं काय? जुलै २०१९ मध्ये तुर्कस्ताननं रशियन एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घ्यायला सुरुवात केली आणि ९ ऑक्टोबरला त्याच्या फौजा उत्तर सीरियात शिरल्या. कारवाई आणि मतदान यांच्यात २० दिवसांचं अंतर आहे. दार दुसऱ्याच कुणीतरी उघडलं. डायस्पोराचं श्रेय हे की, दार उघडलं तेव्हा त्यांचा कागद तयार होता आणि ते दारातच उभे होते.

आणखी एक चूक टाळा. फ्रान्सच्या संसदेनं २००१ मध्ये मान्यतेचा कायदा केला, हा फ्रान्सच्या धोरणावरचा प्रभाव झाला. मायदेशाच्या धोरणावरचा प्रभाव वेगळा सिद्ध करावा लागतो. यजमान देशातल्या विजयामुळे मायदेश काय करू लागला किंवा काय करायचं थांबला, ते दाखवा. नसेल दाखवता येत, तर तो मुद्दा तुमच्या विषयाबाहेरचा.

हरलेले सामनेही नोंदवा. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं ‘कलम ९०७’ आणून अझरबैजान सरकारला मदत देण्यावर बंदी घातली. वॉशिंग्टनमध्ये नवख्या अझरबैजानची बाजू मांडणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं. पुढे कॅस्पियनचं तेल आलं, मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि २००२ पासून अमेरिकी राष्ट्राध्यक्ष या कलमातून सूट देऊ लागले. कायदा पुस्तकात राहिला, दात पडले.

रशियातल्या आर्मेनियन कामगारांचं काय? पैसा त्यांचा जास्त म्हणता, मग आवाज का नाही? (नाशिक)

कारण त्यांचा प्रभाव उलट्या दिशेनं चालतो. आर्मेनिया वर्षानुवर्षं युरोपीय संघाशी सहकार्य करार करण्याच्या तयारीत होता. ३ सप्टेंबर २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष सर्झ सार्गस्यान मॉस्कोत होते आणि तिथून त्यांनी रशियाप्रणीत सीमाशुल्क संघात जाण्याची घोषणा केली. जानेवारी २०१५ पासून देश युरेशियन आर्थिक संघाचा सदस्य झाला. पॅरिस-लॉस एंजेलिसच्या संघटनांचं वजन इथे काडीमात्र चाललं नाही. ग्युमरीत रशियन लष्करी तळ, घरात रशियन गॅस आणि मॉस्कोच्या बांधकामांवर घरचा कर्ता माणूस, अशा वेळी राष्ट्राध्यक्षाच्या हातात फार पत्ते नसतात. युरेशियन संघात गेल्यामुळे या कामगारांची रशियातल्या कामाच्या परवान्यातून सुटका झाली, घराघरात जाणवेल असा फायदा हाच. हे लोक मोर्चा काढत नाहीत, निवेदनं देत नाहीत. त्यांना परत पाठवण्याची नुसती शक्यता सरकारला वळवायला पुरते. अभ्यासकांचं लक्ष संघटनांकडे असल्यानं हा प्रभाव नेहमी निसटतो.

आर्मेनियानं आपलं ‘पिनाक’ घेतलं, त्यामागे भारतातल्या आर्मेनियनांचा हात आहे का? (पाषाण, पुणे)

नाही. भारतात आता मोजके आर्मेनियन उरले आहेत. ‘पिनाक’ या रॉकेट यंत्रणेची रचना तुमच्याच पाषाणमधल्या आयुध संशोधन संस्थेत झाली, हे मात्र खरं. २०२२ मध्ये या खरेदीच्या बातम्या आल्या. कारण रोकडं होतं: पैसे भरूनही रशियाकडून शस्त्रं येत नव्हती, पंतप्रधान पाशिनियान यांनी हे जाहीरपणे सांगितलं. दुसऱ्या बाजूला अझरबैजान, तुर्कस्तान आणि पाकिस्तान यांची जवळीक. पाकिस्ताननं तर ऑगस्ट २०२५ पर्यंत आर्मेनियाशी राजनैतिक संबंधच ठेवले नव्हते.

श्रीलंकेतल्या तमिळ डायस्पोराशी याची तुलना होऊ शकते का? (मुंबई)

होते, पण एक फरक ध्यानात ठेवून. आर्मेनियन डायस्पोरा आपल्या राज्याला पुढे ढकलतो. टोरांटो-लंडनचे तमिळ ज्या राज्याचं धोरण बदलू पाहतात, ते त्यांना आपलं मानतच नाही. म्हणून त्यांची वाट बाहेरून, जिनिव्हामार्गे जाते. मे २००९ मध्ये युद्ध संपलं. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेवर ठराव येऊ लागले, २०१४ च्या ठरावानं आंतरराष्ट्रीय चौकशी सुरू झाली. कोलंबोनं त्याच वर्षी तमिळ वाघांसह १६ संघटनांना काळ्या यादीत टाकलं. २०१५ मध्ये सरकार बदललं, ऑक्टोबरमध्ये श्रीलंका स्वतःच ठरावाची सहप्रस्तावक झाली आणि पुढच्याच महिन्यात आठ संघटना यादीतून बाहेर आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये राजपक्षे सरकारनं सहप्रस्तावकत्व मागे घेतलं, २०२१ मध्ये यादी पुन्हा लांबली. कोलंबोचा कल ओळखायचा असेल तर भाषणांपेक्षा ही राजपत्रातली यादी वाचा. मधल्या काळात व्यापाराची दोरीही होती: युरोपीय संघानं २०१० मध्ये काढलेली करसवलत २०१७ मध्ये परत दिली, आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांना तीच हवी होती. इथेही केवळ डायस्पोराला श्रेय दिलं तर गणित चुकेल.

मग आता येरेवानमध्ये डायस्पोराचं ऐकणं संपलं का? (छत्रपती संभाजीनगर)

पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २००८ मध्ये स्थापन झालेलं स्वतंत्र डायस्पोरा मंत्रालय २०१९ मध्ये मोडीत निघालं, त्याजागी एक उच्चायुक्त आले, तेही कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचे माजी महापौर. पाशिनियान आता ‘खरा आर्मेनिया’ आणि ‘ऐतिहासिक आर्मेनिया’ यांत फरक करतात. खरा तो, जो आजच्या मान्य सीमांच्या आत आहे. नरसंहाराची जागतिक मान्यता हा आज परराष्ट्र धोरणाचा अग्रक्रम नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. जुन्या डायस्पोराला हा थेट धक्का आहे, कारण त्यांचं सगळं नातं ‘ऐतिहासिक’ आर्मेनियाशी. येरेवानची बाजूही बिनबुडाची नाही. चारपैकी दोन सीमा १९९० च्या दशकापासून बंद, माल जायचा तो जॉर्जियातून किंवा इराणमधून, आणि रशियाकडे जाणारा लार्सचा घाट हिवाळ्यात बर्फानं अडला की ट्रकांच्या रांगा. ही रांग ग्लेनडेलमध्ये लागत नाही.

पुढचं भांडण घटनेवरून आहे. आर्मेनियाच्या घटनेची प्रस्तावना १९९० च्या घोषणापत्राचा हवाला देते. ते घोषणापत्र काराबाखशी एकीकरणाच्या ठरावावर उभं आहे, म्हणून प्रस्तावना बदला, तरच शांतता करारावर अंतिम सही, असं बाकू म्हणतं. बदल जनमतानंच होऊ शकतो आणि जनमतात मतदान देशातल्यांचं. डायस्पोराकडे इथे मत नाही. प्रचाराला पैसा आहे, चर्चशी जुनी नाती आहेत आणि ‘शत्रूच्या सांगण्यावरून घटना बदलता?’ हा बोचरा प्रश्न आहे. अडवायला तेवढं पुरू शकतं.

फोर्टमधलं आर्मेनियन चर्च याच लोकांचं का? (गिरगाव)

हो, पण या दोन्ही लाटांच्या आधीचं. मेडोज स्ट्रीटवरचं, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावरचं सेंट पीटर चर्च १८ व्या शतकाच्या अखेरचं आहे, इराणमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांच्या काळातलं. अशाच व्यापाऱ्यांनी मद्रासमध्ये १७९४ मध्ये जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक काढलं. त्याही आधी शाहमीर शाहमीरियान यांनी तिथेच आर्मेनियासाठी ५२१ कलमांच्या घटनेचा मसुदा तयार केला. त्या वेळी आर्मेनिया अर्धा तुर्की सुलतानाकडे होता, अर्धा इराणकडे.